स्पर्धा आणि साथ

अमेरिकेंतील व युरोपांतील पुष्कळ विद्यापीठांतून संगीत हा कायदा किंवा वैद्यक ह्यांच्या बरोबरीनें शिकविला जाणारा विषय आहे, आणि जेथें तो विभाग मोठा असतो तेथें विद्यार्थ्यांचा स्वतःचा वाद्यवृंदहि असतो. अशा ठिकाणीं बहुधा वर्षांतून एकदां एक स्पर्धा होते. तिला तिकडे कॉन्चेर्टो-स्पर्धा म्हणतात. कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद ह्यांच्याकरितां रचिलेली, बहुशः तीन भागांची, वीसपासून चाळीस मिनिटांपर्यंत चालणारी मोठी रचना. एका बाजूस एक व्हायोलिन किंवा एक पियानो, दुसऱ्या बाजूस साठ-सत्तर वाद्यांचा समुदाय, आणि मध्यें हातांत बारीक काठी घेतलेला संचालक, अशी तिची बैठक. स्पर्धेच्या दिवशीं मात्र हा समुदाय हजर नसतो. उमेदवार एकेक करून तीन किंवा पांच परीक्षकांपुढें येतात, पाठ केलेली रचना वाजवितात, आणि वाद्यवृंदाचा सर्व भार एक साथीदार पियानोवर उचलतो. जो निवडला जाईल त्यास पारितोषिक काय, तर पुढें होणाऱ्या एका जलशांत खऱ्या वाद्यवृंदासह तीच रचना वाजविण्याची संधि.

प्रकरण एवढेंच, एका इमारतींतल्या एका दालनांत एक-दोन दिवसांत उरकणारें. ह्यांत तत्त्वविचार करण्याजोगें काय आहे, असें वाचक विचारतील. परंतु न्यायाचे प्रश्न उच्च न्यायालयांतच उपस्थित होतात असें थोडेंच आहे? चार पानें मांडलीं कीं पंक्तिप्रपंचाचा प्रश्न उभा राहतो. शिवाय ज्यांचा हा निवाडा होतो तीं माणसें अठरा ते पंचवीस वर्षांचीं असतात. पांचव्या-सहाव्या वर्षापासून रोजचे कित्येक तास एका वाद्यास वाहून त्यांतल्या पुष्कळांनीं आपलें बालपण खर्चिलेलें असतें. आणि “तूं नव्हेस, तो” हे शब्द त्या वयांत जितके खोल रुततात तितके पुढें फारसे कोणतेच शब्द रुतत नाहींत. तेव्हां कलेंत क्रम लावतां येतो काय, आणि येत नसेल तर तरुण माणसांस तो लावण्याचा आपणांस अधिकार काय, हा प्रश्न त्या दालनांत बसलेल्या प्रत्येकाचा आहे.

स्पर्धेची निंदा करणें सोपें आहे आणि रसिक मंडळी ती नेहमींच करतात. कला ही कांहीं घोड्यांची शर्यत नव्हे, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलेलें आहे कीं तें उच्चारणाऱ्यास ‘मग करावें काय?’ असें विचारण्याचेंहि आपणांस सुचत नाहीं. वाद्यवृंद एकच आहे, जलसे वर्षांतून मोजके, प्रत्येक रचनेस अनेक तालमी लागतात, आणि इच्छुक मात्र वीस-पंचवीस. कोणास तरी निवडलेंच पाहिजे. गुरुजींनीं नेमावें म्हटलें तर मर्जीचें राज्य सुरू होतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यास आधीं संधि द्यावी म्हटलें तर वय हाच गुण ठरतो. चिठ्ठ्या टाकाव्या तर निदान कोणाचा अपमान होत नाहीं, आणि ही सूचना वाटते तितकी हास्यास्पद नाहीं हें पुढें दिसून येईल. पण दहा-पंधरा वर्षें झिजलेल्या बोटांस चिठ्ठीचा न्याय पटत नाहीं, आणि ज्या साठ मुलांनीं साथ करावयाची त्यांसहि तो पटावयाचा नाहीं.

युरोपांत एके काळीं हा प्रश्न राजेरजवाडे सोडवीत. आपल्याकडेहि तो दरबारानेंच सोडवावयाचा असे. दरबारांनीं मोठे कलावंत पोसले हें खरें, पण ज्यांस दरबारापर्यंत पोंचविणारें कोणी नव्हतें त्यांची मोजदाद इतिहासानें ठेविलेली नाहीं. त्या मानानें स्पर्धा ही लोकशाहीची वस्तु आहे. काळ्या समुद्राकांठच्या ओडेसा शहरांत जन्मलेले व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राख व पियानोवादक एमिल गिलेल्स ह्या दोघांचीं नांवें पश्चिम युरोपास कळलीं तीं स्पर्धांतून. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता व्हिएन्ना येथें शिकून १९५८ सालीं लिव्हरपूलच्या संचालकांच्या स्पर्धेंत पहिले आले, आणि त्यांस बक्षीस मिळालें तें तेथील वाद्यवृंदाकडील वर्षभराचें साहाय्यक संचालकाचें काम. परक्या शहरांत, वशिल्यावांचून, सत्तर माणसांचा वाद्यवृंद हातीं येण्यास दुसरा मार्ग कोणता होता? हें दार बंद करा म्हणणाऱ्यानें आपण स्वतः कोणत्या दारानें आंत आलों तें आधीं सांगावें.

एवढें स्पर्धेच्या बाजूनें. आतां तिचा निवाडा कितपत खरा असतो तें पाहूं. विद्यापीठांच्या लहान स्पर्धांच्या टांचणवह्या सहसा कोणी अभ्यासीत नाहीं. पण ब्रसेल्स येथें बेल्जियमच्या एलिझाबेथ राणीच्या नांवानें होणारी जागतिक स्पर्धा मात्र अभ्यासिली गेली आहे, आणि तिच्याहि शेवटच्या फेरींत कॉन्चेर्टोच वाजवावयाचे असल्यामुळें तिचा दाखला येथें गैरलागू नाहीं. यूजीन ईझाय ह्या व्हायोलिनवादकाच्या नांवानें १९३७ सालीं ती सुरू झाली. युद्धामुळें पडलेल्या खंडानंतर १९५१ पासून तिला राणीचें नांव मिळालें. तिच्या अंतिम फेरीची तऱ्हा मोठी अजब आहे. बारा उमेदवार उरले म्हणजे त्यांतील प्रत्येकास वॉटर्लू येथील एका संगीतशाळेंत आठवडाभर जगापासून दूर ठेवतात आणि पूर्वीं कधींहि प्रसिद्ध न झालेली एक नवी रचना त्याच्या हातीं देतात. गुरूची मदत नाहीं, घरच्यांशीं बोलणें नाहीं. मग रोज संध्याकाळीं दोघे, असे सहा दिवसांत बारा जण वाद्यवृंदाबरोबर ती नवी रचना व आपल्या निवडीचा एक कॉन्चेर्टो वाजवितात. कोणाची पाळी केव्हां, हें चिठ्ठ्या टाकून ठरवितात.

गिन्सबर्ग व व्हॅन आवर्स ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९५२ ते १९९१ ह्या काळांतील पियानोच्या अकरा स्पर्धांचे निकाल तपासून २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं प्रारंभीं वाजविणारांचा क्रम खालीं व मागाहून वाजविणारांचा वर लागण्याकडे निश्चित कल आहे. चिठ्ठीचा आणि बोटांतल्या विद्येचा तर कांहीं संबंध नाहीं! कारण शोधावयास फार दूर जावयास नको. नवी रचना वादकांच्या हातीं निदान आठवडाभर असते. वाद्यवृंदासह ती परीक्षकांच्या कानांवर पडते ती बहुधा पहिल्या संध्याकाळींच प्रथम. चार दिवस ऐकून ती अंगवळणीं पडली म्हणजे तिचें सौंदर्य त्यांस दिसूं लागतें, आणि तें दिसल्याचें श्रेय त्या दिवशीं जो व्यासपीठावर असेल त्याच्या पदरांत पडतें. हा कार्यकारणभाव संभवनीय आहे, सिद्ध नव्हे. त्याच निबंधांतील दुसरा निष्कर्ष मात्र अधिक बोचतो: ज्याचा क्रम वर लागला त्याची पुढील कारकीर्दहि त्या क्रमामुळेंच अधिक भरभराटीची होते. म्हणजे ज्या चिठ्ठीस आपण पुढच्या दारानें हांकलून दिलें ती मागच्या दारानें आंत आली, आणि येऊन गुणवत्तेच्या खुर्चीवर बसली.

ह्याच स्पर्धेच्या १९३८ सालच्या निकालांत गिलेल्स पहिला आला, आणि आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली हा सातवा. पुढें जगांतील श्रेष्ठ पियानोवादकांत गणला गेलेला हा तरुण दुसऱ्याच वर्षीं जिनीव्हाच्या स्पर्धेंत पहिला आला. सातवा हा आंकडा त्याच्या त्या आठवड्यापुरता खराहि असेल. पण आंकड्यांची खोड अशी कीं ते आठवड्यापुरते राहत नाहींत.

डोळ्यांविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. त्साई ह्या पियानो शिकलेल्या विदुषीनें २०१३ सालीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. स्पर्धांतील अंतिम उमेदवारांचे तुकडे घेऊन तिनें कोणास नुसता आवाज ऐकविला, कोणास आवाजावांचून नुसतीं हलतीं चित्रें दाखविलीं, आणि जिंकलें कोण तें ओळखा असें सांगितलें. मूक चित्रें पाहणारांस तें अधिक वेळां ओळखतां आलें. ज्यांचा धंदाच संगीताचा त्यांचीहि तीच गत झाली. पुढें इतरांनीं केलेल्या प्रयोगांनीं ह्या निष्कर्षास मर्यादा घातल्या आहेत, आणि एका प्रयोगावर माडी चढवूं नये हें खरें. तथापि अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदांनीं नवा वादक घेतांना मध्यें पडदा टांगण्याची रीति स्वीकारली, आणि टांचांच्या आवाजावरून स्त्री कीं पुरुष हें कळूं नये म्हणून कोठें कोठें गालिचा अंथरला, ती कांहीं उगीच नव्हे.

विद्यापीठांतील स्पर्धेस ब्रसेल्सला नसलेली आणखी एक अडचण असते. तेथें त्या वर्षीं सर्व जण एकच वाद्य वाजवितात. विद्यापीठांत बहुधा सर्व वाद्यें एकाच रांगेंत उभीं केलीं जातात. मोझार्टचा क्लॅरिनेटचा कॉन्चेर्टो घेऊन एक मुलगी येते; तिच्यामागून प्रोकोफिएव्हचा पियानोचा तिसरा कॉन्चेर्टो घेऊन एक मुलगा येतो. पहिली रचना १७९१ ची, मोझार्टच्या अखेरच्या महिन्यांतली. तिच्या संथ भागांत श्वास कोठें घ्यावा आणि कोठें घेतल्याचें कळूं देऊं नये, ह्यांतच सगळी विद्या. दुसरींत हातांची अशी धांव कीं पाहणाऱ्याचा श्वास कोंडावा. ह्यांत श्रेष्ठ कोण हें सांगणें म्हणजे नदी मोठी कीं डोंगर मोठा हें सांगण्यासारखें आहे. तरीहि परीक्षकापुढें कागद असतो, कागदावर रकाना असतो, आणि रकाना कोरा ठेवतां येत नाहीं.

मग पुष्कळ ठिकाणीं गुणांची सरासरी काढतात. सरासरी दिसावयास मोठी निःपक्षपाती. पण तिचा एक स्वभाव आहे. ज्याच्यावर कोणी भाळलें नाहीं आणि ज्याला कोणीं नांवेंहि ठेविलीं नाहींत तो तिच्या आधारानें तरून जातो. ज्यानें दोघांस वेड लाविलें व दोघांस चिडविलें तो बुडतो. १९८० सालीं वॉर्सा येथील शोपॅंच्या नांवाच्या स्पर्धेंत ईव्हो पोगोरेलिच हा तरुण, कॉन्चेर्टोची अंतिम फेरी येण्यापूर्वींच गळाला, तेव्हां परीक्षकमंडळांतील मार्था आर्गेरिच ह्या थोर पियानोवादिकेनें निषेध म्हणून मंडळ सोडलें. त्याचें वादन श्रेष्ठ होतें कीं विक्षिप्त होतें ह्याविषयीं रसिकांत आजहि एकमत नाहीं, आणि आमच्या मुद्द्यास त्याची गरजहि नाहीं. मुद्दा असा कीं, आक्षेपास जागा न ठेवणें हाच जिंकण्याचा मार्ग आहे हें ज्यास विसाव्या वर्षीं कळतें, तो आपल्या वाजविण्यांतली एकेक धोक्याची जागा काढून टाकूं लागतो. येथें अभिरुचीचा प्रश्न शीलाचा प्रश्न होतो. ज्यास कोणींहि दोष देऊं नये अशा बेतानें जगण्याची संवय एकदां जडली म्हणजे ती वाद्याच्या पेटींत बंद राहत नाहीं.

ह्यावर वृद्ध शिक्षकांचें उत्तर ठरलेलें आहे: आधीं स्वर शुद्ध लागूं दे, मग काय ती बंडखोरी कर. उत्तर खोटें नाहीं. रचनाकारानें जें लिहिलें तें जसेंच्या तसें वाजविणें ही त्याच्याविषयींची निष्ठा आहे, आणि निष्ठा व भीति ह्या दोघी बाहेरून पुष्कळदां सारख्याच दिसतात. दोघींची पारख होते ती चूक झाल्यावर. बारा वर्षांच्या मेहनतीनंतरहि बोट घसरतेंच. ज्याचें लक्ष रचनेकडे आहे तो घसरलेला स्वर मागें टाकून पुढच्या स्वराशीं असतो. ज्याचें लक्ष कागदावरील आंकड्याकडे आहे तो पुढचीं दोन पानें त्या एका स्वराशेजारींच घुटमळत राहतो.

असो. आमच्याकडेहि हा विचार अगदींच परका नाहीं. महाविद्यालयीन नाटकांसाठीं पुण्यास होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनीं २०२२ सालीं करंडक कोणासच न देण्याचें ठरविलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद माजला तो वाचकांच्या स्मरणांत असेल. वॉर्सा येथेंहि १९९० व १९९५ ह्या दोन्ही वेळां पहिलें बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. अशा निर्णयास पुष्कळ जण क्रूर म्हणतात. आम्हांस त्यांत एक प्रामाणिकपणा दिसतो, कारण निदान त्या दिवशीं परीक्षकांनीं मुलांस एकमेकांशीं ताडून न पाहतां आदर्शाशीं ताडून पाहिलें. पण हा आदर्श कोणाच्या डोक्यांत असतो आणि तो तेथें कोणीं ठेविला, हें विचारण्याचा मुलांस हक्क आहे. आणि शिक्षणसंस्थेनें, जिचें कामच मुलांस त्या आदर्शापर्यंत नेण्याचें, तिनें ‘कोणीच पोंचलें नाहीं’ असें पुकारणें म्हणजे थोडीशी आपलीच फजिती पुकारणें होय.

आतां ज्या रचनेवरून ही सारी खटपट तिच्याकडे वळूं. कॉन्चेर्टो ह्या शब्दाचा इतिहासच मौजेचा आहे. लॅटिनमध्यें ह्या शब्दाशीं जुळणाऱ्या क्रियापदाचा अर्थ झगडणें, वाद घालणें. इटालियनमध्यें तेंच क्रियापद जुळवून घेणें, मिळून ठरविणें ह्या अर्थानें रुळलें. दोहोंपैकीं ह्या शब्दाचा बाप कोण ह्याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं; रचनेच्या घरांत मात्र दोघेहि नांदतात. आपल्या जुगलबंदींतील सवाल-जवाब ज्यांनीं ऐकले आहेत त्यांस हें नवें वाटणार नाहीं. आणि तबलजी जी करतो तिला आपण ‘संगत’ म्हणतों. बरोबर जाणें, एवढाच तिचा मूळ अर्थ.

बेथोव्हनचा पियानोचा चौथा कॉन्चेर्टो त्यानें स्वतः २२ डिसेंबर १८०८ रोजीं व्हिएन्ना येथें जाहीर रीतीनें प्रथम वाजविला. त्याच्या दुसऱ्या भागांत फक्त तंतुवाद्यें आणि पियानो. तंतुवाद्यें एका स्वरांत, कठोरपणें, तोडून तोडून बोलतात, दरडावल्यासारखीं. पियानो उत्तर देतो तो अगदीं हळू आवाजांत, आणि त्या दरडावण्यांतला एकहि सूर न उचलतां. पुन्हां दरडावणी, पुन्हां तेंच मृदु बोलणें. हळूहळू तंतुवाद्यांचीं वाक्यें आंखूड होत जातात, आवाज उतरतो, आणि शेवटीं तीं जवळजवळ कुजबुजतात. सगळें मिळून पांच-सहा मिनिटांचें काम. ह्यांत कोण जिंकलें? पियानोनें जोर केलाच नाहीं, तेव्हां जिंकला असें म्हणवत नाहीं. आणि वाद्यवृंद हरला म्हणावें तर त्याच्या शेवटच्या कुजबुजींत पराभवाची कडवटता कोठेंच नाहीं. सबंध वाङ्मयांत वादाचें इतकें सभ्य चित्र आम्हांस तरी फार थोड्या ठिकाणीं भेटलें आहे.

आणि आतां स्पर्धेचें दालन आठवावें. तेथें वाद्यवृंदच नाहीं. दरडावणारीं तंतुवाद्यें नाहींत, एकल वादकाच्या पाठीमागून येणारी ओबोची ओळ नाहीं, संचालकाची काठी नाहीं. बोटांची तयारी, स्मरणशक्ति, धीर, स्वराची गोडी, हें सारें तेथें तपासलें जातें. पण सत्तर माणसांस ऐकत ऐकत वाजवितां येतें काय, ही जी कॉन्चेर्टोची मूळची परीक्षा, ती निकाल लागल्यानंतरच सुरू होते. जुन्या काळीं ‘कॅडेन्झा’ नांवाच्या जागीं वाद्यवृंद थांबे व वादक आयत्या वेळीं सुचेल तें वाजवी. आपल्या ख्यालगायकास ती जागा घरच्यासारखी वाटली असती. आज तीहि बहुधा आधीं लिहिलेली व पाठ केलेली असते.

त्या दालनांत ऐकणारा असा एकच माणूस असतो: पियानोवर बसलेला साथीदार. एकच साथीदार पुष्कळदां तीन-चार उमेदवारांस साथ करतो. दोन वाजतां तो एका मुलीचा वाद्यवृंद असतो, अडीच वाजतां तिच्या प्रतिस्पर्ध्याचा. मुलीनें घाबरून दोन मात्रा गाळल्या तर तोहि त्याच क्षणीं दोन मात्रा ओलांडून तिच्याजवळ पोंचतो, आणि परीक्षकांच्या लक्षांत येण्याच्या आंत भोंक बुजलेलें असतें. ही मदत अन्यायाची नव्हे काय, असा प्रश्न आम्हीं मनाशीं बराच घोळविला. अन्यायाची ती तेव्हां होईल, जेव्हां अडीच वाजतां तो तसाच धांवणार नाहीं. पण तो धांवतो. त्या अर्ध्या तासांत त्यास ती मुलगी जिंकावी असें मनापासून वाटत असतें, आणि पुढल्या अर्ध्या तासांत दुसरा जिंकावा असें तितक्याच मनापासून; ह्यांत ढोंग मुळींच नाहीं. परीक्षक निःपक्षपाती असतो तो सर्वांपासून सारखाच दूर बसून. साथीदार निःपक्षपाती असतो तो सर्वांच्या सारखाच जवळ बसून. नीतिशास्त्राचीं पुस्तकें लिहिणारांनीं पहिल्या प्रकारावर पुष्कळ पानें खर्चिलीं आहेत. दुसरा प्रकार त्यांच्या नजरेंतून निसटतो, कदाचित् त्याला निकालपत्रावर सही करावयाची नसते म्हणून.

ह्याहून अवघड जागा निकालानंतरची. जलसा ठरतो आणि वाद्यवृंदाच्या तालमी सुरू होतात. वाद्यवृंद विद्यार्थ्यांचाच; त्यामुळें जी मुलगी सिबेलियसचा व्हायोलिनचा कॉन्चेर्टो घेऊन उतरली आणि हरली, ती आतां पहिल्या व्हायोलिनांच्या तिसऱ्या बांकावर बसून, तोच कॉन्चेर्टो जिंकलेल्या मुलास साथ करण्यासाठीं, धनुकली उचलते. सारी रचना तिला पाठ आहे. कोणत्या जागीं त्याचा हात थकेल, कोणत्या उडीपूर्वीं तो क्षणभर कचरेल, हें त्या दालनांतील कोणाहिपेक्षां तिला अधिक कळतें. तिच्यावर कर्तव्य तें काय? कागदावर लिहिलेलें बिनचूक वाजविलें कीं नियमाप्रमाणें ती मोकळी झाली. पण साथीची विद्या अशी कीं नुसतें बिनचूक वाजवून ती होत नाहीं. त्या उडीपूर्वीं सर्व व्हायोलिनांनीं केसभर थांबावें लागतें, आणि हा केसभर थांबा कोणत्याहि कागदावर लिहिलेला नसतो.

अशा वेळीं वडील माणसें मुलांस ‘मोठें मन कर’ असें सांगतात. आमच्या मतें हा उपदेश चुकीच्या ठिकाणीं केलेला आहे. तीन आठवड्यांपूर्वीं जखम झालेल्या मनास मोठें होण्याचा हुकूम सोडणें म्हणजे त्यास खोटें बोलावयास लावणें. त्या मुलीस आनंद झालाच पाहिजे असें मागण्याचा कोणास हक्क नाहीं. तिनें ऐकावें, एवढेंच मागतां येतें. आणि ऐकणें हें क्षमेच्या आधींहि शक्य असतें. मनांत सल असूनहि दुसऱ्याचा श्वास ऐकतां येतो. तो ऐकला कीं हात आपोआप थांबतो, आणि तेवढ्या क्षणापुरता तरी सल कोठें गेला तें तिचें तिलाहि सांगतां येत नाहीं. १९३५ सालीं वॉर्सा येथील व्हिएन्याव्स्की-स्पर्धेंत सव्वीस वर्षांचा ओइस्त्राख दुसरा आला. पहिली आली ती झिनेत नव्हो ही पंधरा वर्षांची फ्रेंच मुलगी. पत्नीस लिहिलेल्या पत्रांत त्यानें तिच्या वादनाची मोकळेपणानें वाखाणणी केली. निकाल झाला तरी त्याचे कान उघडे होते. दोन वर्षांनीं ब्रसेल्सला तो स्वतः पहिला आला. ती मुलगी १९४९ सालीं विमानाच्या अपघातांत गेली, अवघ्या तिसाव्या वर्षीं.

जिंकणाऱ्याचें ऋण कमी नाहीं. साठ सहाध्यायांच्या कित्येक संध्याकाळी त्याच्या एका संध्याकाळीसाठीं खर्ची पडतात. आम्हांस विचाराल तर विद्यापीठांनीं निकालपत्रावर एकच नांव लिहावें. दुसरा, तिसरा, चौथा हे आंकडे छापूंच नयेत, कारण वाद्यवृंदाबरोबर वाजविण्यास एक जण हवा होता आणि तो मिळाला. बाकीच्यांस परीक्षकांनीं आपल्या सहीनिशीं चार ओळी लिहून द्याव्या, गुण देऊं नयेत. आणि पुढच्या वर्षीं जो निवडला जाईल त्याच्या साथीस मागील वर्षाच्या विजेत्यानें, त्याचें वाद्य वाद्यवृंदांत बसत असेल तर, मागल्या बांकावर बसावें.

परीक्षकांची एक गोष्ट सांगावयाची राहिली. १८७४ सालच्या नाताळांत मॉस्कोच्या संगीतविद्यालयांत तेथील एक शिक्षक, चायकोव्हस्की, आपला नवा पियानो-कॉन्चेर्टो विद्यालयाचे प्रमुख निकोलाय रुबिन्स्टाइन ह्यांस वाजवून दाखविण्यास गेला. रुबिन्स्टाइन हे स्वतः नामांकित पियानोवादक. पहिला भाग संपला तरी ते एक शब्द बोलले नाहींत. सगळें ऐकून झाल्यावर मात्र त्यांनीं ही रचना टाकाऊ आहे, वाजविण्याजोगी नाहीं, असा निकाल दिला. चायकोव्हस्कीनें त्या वेळीं एकहि स्वर बदलण्याचें नाकारलें. रचना प्रथम वाजली ती ऑक्टोबर १८७५ मध्यें, सातासमुद्रांपलीकडे बॉस्टन येथें, हान्स फॉन ब्यूलो ह्याच्या हातून. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती मॉस्कोस वाजली. पियानोवर होता सर्गेई तानेयेव्ह, त्याच विद्यालयांतून त्याच वर्षीं बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी; आणि वाद्यवृंदाचे संचालक होते रुबिन्स्टाइन. ज्या रचनेवर त्यांनीं वर्षापूर्वीं निकाल दिला होता तिची साथ त्या रात्रीं त्यांनीं केली. पुढें त्यांनीं तो एकल भाग स्वतः बसविला, आणि १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळीं लोकांपुढें वाजविला.